मामीचा प्रश्न आणि एका झाडाचं मूळ

बरेच दिवस झाले इथे काही खरडून. मधे दोन-तीनदा लिहायला बसलो आणि अर्धवट टाकून उठलो. विषयच तसा होता. शेवटी परवा मामीची परवानगी काढली आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

सुरुवात झाली जून २०२५ मध्ये. ह्यूस्टनला असणाऱ्या आमच्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. टेक्सासचे राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी ११ जूनला एका कायद्यावर सही केली होती आणि 'इबोगेन' नावाच्या औषधाच्या चाचण्यांसाठी राज्याच्या तिजोरीतून ५ कोटी डॉलर मंजूर झाले होते. आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या मुळातून निघणारं हे औषध अफूच्या जातीच्या नशांचं व्यसन सोडवायला उपयोगी पडतं का, ते नीट तपासायचं, अशी ती योजना. खाली भावाने स्वतःची एक ओळ जोडली होती, 'एका डोसमध्ये गर्द सुटतं म्हणे!'

दोन-तीन अंगठे आले आणि ग्रुप एकदम गप्प झाला. आमच्या घरात 'गर्द' हा शब्द कुणी उच्चारत नाही. का, ते घरच्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला नुसतं दादा म्हणायचो. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, मामा बँकेत. दादा गल्लीतला सगळ्यात चांगला विकेटकीपर. ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर आली आणि तिचं 'गर्द' हे नाव पडलं. दादाच्या हातात चंदेरी पन्नी कधी आली, कुणी दिली, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा मामीच्या पाटल्या गेल्या होत्या. मग मामाने त्याला आतल्या खोलीत कोंडलं. गर्द न मिळाल्यावर जे हाल होतात त्याला ती मुलं 'टर्की' म्हणत. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. दाराबाहेर बसून ऐकलंय. उलट्या, कण्हणं, पाय भिंतीवर आपटणं... आणि मधेच एकदम नेहमीच्या आवाजात, "आई, पाणी दे ना."

शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, दादाला कावीळ झालीय.

ती 'कावीळ' पुढे आठ वर्षं चालली. १९९४ च्या पावसाळ्यात दादा गेला. एकतीस वर्षांचा होता.

आता मामी चौऱ्याऐंशीची आहे, बदलापूरला लेकीकडे असते. ग्रुपवरचं सगळं ती वाचते, उत्तर मात्र कधी देत नाही. बातमी आली त्या रविवारी मी गेलो तर ती अंगणात तगरीची फुलं तोडत होती. परडी खाली ठेवली आणि म्हणाली, "अरे, तेव्हा हे औषध असतं, तर?"

मला काय उत्तर द्यावं सुचेना. "बघतो वाचून," इतकंच म्हणालो. मग खरंच वाचत गेलो. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

इबोगा हे झुडूप मूळचं मध्य आफ्रिकेतलं. गॅबन, कॅमेरून, काँगो या भागातल्या जंगलातलं. गॅबनमध्ये ब्विती नावाचा पंथ आहे. त्यात दीक्षा घेणाऱ्याला या झुडपाच्या मुळाची साल भरपूर प्रमाणात खायला देतात. रात्रभर वाद्यं, गाणी चालू असतात, जाणती माणसं शेजारी बसून असतात, आणि दीक्षा घेणाऱ्याला पितरांचं दर्शन होतं अशी श्रद्धा आहे. व्यसनाशी या विधीचा संबंध नाही. तो त्यांचा धर्म आहे.

त्या काळी गॅबन फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १९०१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते इबोगेन. १९३९ पासून फ्रान्समध्ये त्याच्या सौम्य गोळ्या 'लांबारेने' या नावाने विकल्या जात. थकवा घालवणारं टॉनिक म्हणून! लांबारेने हे गॅबनमधलं गाव. अल्बर्ट श्वाइट्झर यांचं प्रसिद्ध इस्पितळ तिथलंच. साठच्या दशकाच्या शेवटाला या गोळ्या बंद होईपर्यंत फ्रान्समध्ये त्या उघड मिळत होत्या.

अमेरिकेतही एका कंपनीने हे द्रव्य हाताळलं होतं. ही गोष्ट मला फार रंजक वाटली, कारण तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. आपल्याकडे सर्पगंधा पिढ्यान् पिढ्या वापरात होती. पण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला तेव्हा जगाने तिच्याकडे वळून पाहिलं. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळं काढलं आणि रक्तदाबाचं औषध बाजारात आलं. त्याच सिबाने पन्नासच्या दशकात इबोगेनही तपासलं. १९५७ मध्ये मॉर्फिनबरोबर ते देण्याबद्दल एक पेटंटही घेतलं. मॉर्फिनचा परिणाम इबोगेनने वाढतो, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे अफूच्या कुळाशी या द्रव्याचं काही नातं आहे, हे तेव्हाच कागदावर आलं होतं. पण तो धागा पुढे कुणी ओढला नाही.

मग १९६२. न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. हेरॉइनच्या आहारी गेलेला. नवीन नशा म्हणून त्याने इबोगेन घेतलं. दीड दिवस तो त्या अमलाखाली होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हेरॉइन घेऊन इतके तास उलटले, तरी टर्की आलेली नाही. आणि घ्यावंसंही वाटत नाहीये. त्याने ते आपल्या ओळखीच्या काही जणांना दिलं. त्यातल्या हेरॉइनवाल्यांपैकी बहुतेकांना तोच अनुभव आला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. एकोणीस वर्षांचा व्यसनी मुलगा येऊन सांगतोय की मला औषध सापडलंय. त्याचं कोण ऐकणार? आमच्या दादाचं आम्ही तरी कधी ऐकलं?

आणि आता त्याच शहरातली, त्याच काळातली दुसरी गोष्ट बघा. १९६४ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी मेथाडोनचे प्रयोग सुरू केले. मेथाडोन हेही अफूच्याच जातीचं, पण रोज ठरलेल्या मात्रेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं की माणूस हेरॉइनशिवाय राहू शकतो, कामाधंद्याला लागू शकतो. त्यांच्यामागे न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य-संशोधन मंडळाचा पैसा होता. १९६५ मध्ये निबंध आला. १९७१ नंतर निक्सन सरकारने मेथाडोनची केंद्रं देशभर वाढवली. आज मेथाडोन हे जगभर मान्य झालेलं औषध आहे. त्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही.

इबोगेनच्या वाट्याला त्याच दशकात उलटं आलं. एलएसडीच्या धास्तीत अमेरिकेने भास निर्माण करणाऱ्या सगळ्या द्रव्यांवर एकसरकट बंदी घातली. १९७० च्या कायद्यात इबोगेन पहिल्या अनुसूचीत गेलं. पहिली अनुसूची म्हणजे 'वैद्यकीय उपयोग नाही, गैरवापराचा धोका मोठा'. आता गंमत बघा. उपयोग आहे की नाही हे तपासलेलंच नाही. आणि एकदा त्या यादीत नाव गेलं की तपासणं महाकठीण.

लॉट्सॉफने मात्र पिच्छा सोडला नाही. १९८५ मध्ये त्याने हेरॉइनच्या व्यसनावर इबोगेन वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. औषध कंपन्यांची दारं ठोठावली. कुणी घेतलं नाही. त्यांच्या बाजूने विचार केला तर कारण उघड आहे. द्रव्य जुनं, झाडातून मिळणारं. रोज घ्यायची गोळी असती तर गोष्ट वेगळी, हे एकदा-दोनदा घेऊन थांबायचं. गिऱ्हाईक कोण, तर ज्याच्या खिशात दमडी नाही असा गर्दुल्ला. ज्या औषधातून कुणालाच नफा नाही ते तपासायचं कुणी? एकच नाव उरतं, सरकार.

आणि सरकार एकदा दारापर्यंत आलंही होतं. १९९१ मध्ये अल्बनी मेडिकल कॉलेजच्या स्टॅनली ग्लिक यांनी दाखवलं की मॉर्फिनची सवय लागलेले उंदीर इबोगेन दिल्यावर मॉर्फिन कमी घेतात. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेने इबोगेनचा प्रकल्प हाती घेतला, प्राण्यांवरच्या चाचण्यांना पैसा दिला. १९९३ मध्ये मायामी विद्यापीठाच्या डॉ. डेबोरा मॅश यांना माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीची परवानगीही मिळाली.

पण त्याच वर्षी दोन वाईट बातम्या आल्या. जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांना मोठ्या मात्रेत इबोगेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, तोल सांभाळणाऱ्या भागात, इजा दिसली. मात्रा माणसाला देतात त्याच्या कितीतरी पट होती हे खरं, पण इजा ती इजाच. आणि नेदरलँड्समध्ये उपचार घेताना एक तरुणी दगावली. मार्च १९९५ मध्ये त्या राष्ट्रीय संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. त्यानंतर निर्णय झाला की माणसांवरच्या चाचण्यांना पैसा द्यायचा नाही.

मामीला मी हे सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबरच केलं की. पोरगी गेली ना त्यात."

बरोबर होतं का? मी यावर बराच विचार केलाय. धोका खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. इबोगेनमुळे हृदयाच्या ठोक्यांची विद्युतलय बिघडू शकते. दोन ठोक्यांच्या मधली सावरायची वेळ लांबते आणि हृदय अचानक थांबू शकतं. शरीरात त्याचं नॉरइबोगेन होतं आणि ते बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे धोकाही लगेच टळत नाही. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे किंवा ज्याच्या अंगात दुसरी नशा आहे, त्याला तर फारच. १९९० ते २००८ या काळात इबोगेन घेतल्यावर तीन-सव्वातीन दिवसांच्या आत झालेल्या १९ मृत्यूंची छाननी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात नेमकं हेच दिसलं. बऱ्याच जणांना आधीपासून हृदयविकार होता किंवा अंगात दुसरं काही होतं.

पण हे १९ जण कुठे गेले? इस्पितळात, ईसीजीची तार छातीला लावलेली असताना? नाही. सरकारने पैसा दिला नाही म्हणून इबोगेन घेणारे थांबले नाहीत. ते हॉटेलच्या खोल्यांत गेले, कुणाच्या घरी गेले, सीमा ओलांडून मेक्सिकोला गेले. डॉ. मॅश यांनी १९९६ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर दवाखाना काढला. २००६ च्या सुरुवातीपर्यंत आफ्रिकेबाहेर ३४१४ जणांनी इबोगेन घेतल्याची मोजदाद एका अभ्यासात आहे. यातल्या कितीजणांचा ईसीजी आधी काढला होता, देव जाणे.

म्हणजे धोका आहे म्हणून तपासायचं नाही असं ठरलं, आणि तपासलं नाही म्हणून धोका कुणाला, किती, कसा टाळायचा, हे कळायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. 'नाही' म्हटल्यावर प्रश्न मिटत नाही, नुसता नजरेआड होतो. हे वाक्य लिहिताना मला आमच्या आतल्या खोलीचं बंद दार आठवतंय.

पुढची हकीकत भरभर सांगतो. न्यूझीलंडने इबोगेनला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांत बसवलं. तिथल्या एका छोट्या अभ्यासात १४ जण होते. वर्षभर पाठपुरावा केला. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नशा सुटली किंवा कमी झाली, पण एक जण उपचारादरम्यान दगावला. चौदात एक! हा आकडा मी मामीला मुद्दाम सांगितला. लॉट्सॉफ २०१० मध्ये वारला. सरकारी पैशाने चाललेली मोठी चाचणी त्याला बघायला मिळाली नाही.

२०२३ मध्ये केंटकी राज्याने पाऊल टाकलं. वेदनाशामक गोळ्या खपवून लोकांना व्यसनी केल्याबद्दल औषध कंपन्यांकडून राज्याला ८४ कोटी डॉलरच्या वर भरपाई मिळायची होती. त्यातले ४ कोटी २० लाख इबोगेनच्या चाचण्यांना द्यावेत अशी तिथल्या आयोगाच्या अध्यक्षांची, ब्रायन हबर्ड यांची योजना होती. निवडणूक झाली, राज्याचे महाधिवक्ता बदलले, हबर्ड गेले आणि योजनाही गेली. मग हबर्ड टेक्सासला. तिथे माजी राज्यपाल रिक पेरी यांच्यासारखा कट्टर परंपरावादी नेता इबोगेनच्या बाजूने उभा राहिला, कारण युद्धावरून परतलेले सैनिक मेक्सिकोत जाऊन ते घेत होते आणि बरं वाटल्याचं सांगत होते. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अशा ३० माजी सैनिकांचा अभ्यास छापला. मेंदूला मार बसलेले हे लोक. हृदयाच्या संरक्षणासाठी त्यांना बरोबर मॅग्नेशियम दिलं होतं. नैराश्य, अस्वस्थता खूप कमी झाली आणि कुणाच्याही हृदयाला गंभीर त्रास झाला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हा अभ्यास व्यसनाचा नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर आले ते टेक्सासचे ५ कोटी. अट अशी की चाचणी करणाऱ्याने तेवढाच पैसा स्वतः उभा करायचा, आणि पुढे औषधातून कमाई झाली तर राज्याला वाटा द्यायचा. लॉट्सॉफच्या त्या दीड दिवसानंतर त्रेसष्ट वर्षांनी! आणि तेव्हासुद्धा केंद्राच्या यादीत इबोगेन पहिल्या अनुसूचीतच होतं.

वाटा म्हटल्यावर आणखी एक वाटेकरी आठवला. गॅबन. ज्यांच्या जंगलातलं हे मूळ, ज्यांनी ते शेकडो वर्षं जपलं, त्यांना काय? जगभरातून मागणी वाढली तशी तिथे जंगलात चोरून मुळं उपटणं वाढलं. गॅबनने २००० साली इबोगाला राष्ट्रीय ठेवा ठरवलं, २०१९ मध्ये निर्यात थांबवली आणि नंतर स्थानिक गावांना वाटा मिळेल अशा रीतसर करारानेच ती मर्यादित प्रमाणात खुली केली. हळदीच्या पेटंटचं प्रकरण आठवणाऱ्या आपल्या लोकांना यातलं दुखणं समजावून सांगायला नको.

असो. पुन्हा अंगणात येतो.

वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि मी फोन उचलून मामीलाच सांगितली. इबोगा ज्या कुळातलं, त्याच कुळात आपली सर्पगंधा, सदाफुली, कण्हेर, देवचाफा, आणि हो, मामी रोज तोडते ती तगर! तगरीतही इबोगेनच्या जवळचं कोरोनारिडिन नावाचं द्रव्य असतं. ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भास आणि हृदयाचा धोका टाळण्यासाठी इबोगेनला जो पर्याय प्रयोगशाळेत बनवला, तो या कोरोनारिडिनचाच भाऊबंद आहे. (कुणी तगरीची पानं-मुळं चघळून बघू नका रे बाबांनो! यातली बरीच झाडं विषारी आहेत. कण्हेर तर माहीतच आहे.)

मामी फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा असतं तर तो वाचला असता की नाही, ते सांग ना."

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मामी, माहीत नाही. कदाचित वाचला असता. कदाचित त्या रात्रीच त्याचं हृदय बंद पडलं असतं. टर्की टळली असती आणि महिन्याने तो परत त्याच गल्लीत गेला असता, असंही झालं असतं. एका रात्रीत व्यसन जात नाही. हे ज्यांनी तपासून सांगायचं त्यांनी तपासलंच नाही.

"आपण तरी कुठे तपासलं," मामी म्हणाली.

ती काय म्हणतेय ते मला कळलं. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं होतं. अनिल अवचटांनी 'गर्द'वर लिहिलेलं तर चाळीत वाचनालयात होतं. मामा वाचणारा माणूस, त्याने ते वाचलं होतं. पण दादाला तिकडे न्यायचं म्हणजे कावीळ नाही, गर्द आहे, हे चार लोकांत कबूल करायचं. मामाच्याने ते झालं नाही. दोनदा लांबच्या एका खाजगी ठिकाणी गुपचूप ठेवलं, दोन्ही वेळा महिन्याच्या आत तो परत आला. मामाला मी दोष देत नाही. आम्ही सगळेच ती कावीळ सांगत होतो. मीही शाळेत सांगितली.

म्हणून सरकारवर रागावताना माझा आवाज जरा खाली येतो. मात्र एक फरक आहे. आमची लाज आमच्या एका खोलीपुरती होती. सरकार डोळे मिटतं तेव्हा हजारो घरांतल्या आतल्या खोल्यांची दारं बंद होतात.

टेक्सासच्या चाचण्यांतून काय निघायचं ते निघो. 'उपयोग नाही' असं निघालं तरी चालेल. निदान कुणीतरी बघितलं असेल, मोजलं असेल, लिहून ठेवलं असेल.

लिहू का, असं विचारलं तेव्हा मामी म्हणाली होती, "लिही. त्याचं नाव नको. पण कावीळ लिहू नकोस."

नाही लिहिली.